फोनवर बोलली ती

लाँड्रीतल्या बायका तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. एकीच्या तोंडून चुकून समोरच निघालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, फौजदाराला निदान पगार तरी वेळेवर मिळतो. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आणायच्या, धुवायच्या, वाफेच्या इस्त्रीखालून काढायच्या, घड्या घालून परत पोचवायच्या. हा धंदा नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ओढला होता. शाळा दुसरीतच सुटली होती, पण समोरच्याला गप्प कसं करायचं याची तिला कधी शिकवणी लावावी लागली नाही.

अशा बाईच्या घरात आता भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कोणी बोलत नव्हतं.

लेक पस्तिशीची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. हात इतका हलका, की मालक महागाच्या काचा दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. पहिल्यांदा मनाचं बिघडलं तेव्हा तिला इस्पितळात ठेवलं होतं आणि तिथं तिची दोन्ही मनगटं पलंगाला बांधली होती. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, पुन्हा तिथं नेलंस तर मी जिवंत राहणार नाही. रागानं म्हणाली असती तर आईनं रागानं उत्तर दिलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. पण ती म्हणाली ती अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला चष्मा कधी तयार होईल ते सांगावं तशी.

मग दोन वर्षं बरी गेली, आणि नंतर पुन्हा सगळं उतरणीला लागलं. आधी काम सुटलं, मग जेवण, मग बोलणं. एका संध्याकाळी ती गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेली सापडली. आईनं मागून जाऊन तिला कवेत धरलं आणि खाली आणलं. त्या दिवसापासून गच्चीला कुलूप होतं, सुऱ्या लाँड्रीत होत्या आणि औषधं साबणाच्या पिंपामागे. फौजदारीण जागीच असायची. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

थोरला मुलगा परगावी. तिथून तो फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. त्यानं परस्पर इस्पितळाशी बोलून ठेवलं, सोमवारी गाडी येईल, दोन माणसं येतील, तू मध्ये पडू नकोस. ती म्हणाली, मध्ये नाही पडणार तर काय कडेला उभी राहून टाळ्या वाजवू? त्यानं फोन ठेवला. तो वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरला की त्याला हुकूम सोडायची सवय. ती त्यानं कुठून उचलली ते सांगायला नको.

इस्त्रीवरच्या बाईनं तिला एका घराबद्दल सांगितलं. त्या बाईचा भाऊ तिथं आठवडाभर राहून आला होता. बेकरीमागच्या गल्लीत साधं बैठं घर. डॉक्टर नाही, कुलपं नाहीत, खोल्या मोजक्याच. चालवणारे सगळे स्वतः त्याच खाईतून वर आलेले. फौजदारीण म्हणाली, म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दाखवायचा. इस्त्रीवाली म्हणाली, रस्त्यात खड्डा कुठं आहे ते त्यालाच ठाऊक, ज्याचा पाय त्यात मोडलाय. फौजदारिणीनं नंबर मागून घेतला, तोही रागानंच.

त्या घराचा नियम एकच होता. ज्याला राहायचंय त्यानं स्वतः फोन करून तसं म्हणायचं. आई, बाप, नवरा, भाऊ, कोणाचं चालत नाही.

तिनं फोन लावला. एक पुरुष बोलला, गोड बोलला, आणि म्हणाला, त्यांच्याकडे द्या. तिनं लेकीच्या कानाला फोन लावला. लेकीनं तो क्षणभर ऐकला आणि टेबलावर पालथा ठेवला. आतून बारीक आवाज येत राहिला, हॅलो, हॅलो, मी आहे इथं, घाई नाही. मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीतल्या मागच्या खोलीत, ओल्या चादरींच्या ढिगामागे उभं राहून फौजदारिणीनं पुन्हा फोन लावला, आणि आपल्या लेकीचं सोंग घेतलं. आवाज खाली आणला, शब्द तोडून तोडून बोलली. या वेळी पलीकडे बाई होती. तिनं आजार विचारला नाही, गोळ्या विचारल्या नाहीत. झोप लागते का, एवढं विचारलं. नाही. जेवण जातं का? घशाखाली उतरत नाही. कोणाशी बोलावंसं वाटतं का? बोलून काय होणार. हे सगळं तिनं विचारल्याबरोबर सांगितलं, तिला काही बनवावंच लागलं नाही. शेवटी त्या बाईनं विचारलं, दिवसात सगळ्यात कठीण काय जातं?

फौजदारिणीच्या तोंडून निघून गेलं, "सकाळी दार उघडायची भीती वाटते."

मग ती बाई म्हणाली, एक खोली मोकळी आहे. उद्या दुपारी या.

लेक निघाली. फिरून येऊ म्हटल्यावर निघाली, कारण नाही म्हणण्याइतकंही तिच्यात काही उरलं नव्हतं. फौजदारिणीनं तिचं कोपर घट्ट धरलं होतं. रस्त्यानं जाताना ट्रक आला, तेव्हा तिनं लेकीला भिंतीकडे ढकललं आणि स्वतः ट्रकच्या बाजूला आली. बेकरीवरून वळल्या. घराचं दार सताड उघडं होतं.

दार उघडणारी, म्हणजे दारात येऊन उभी राहणारी बाई, आधी टपालखात्यात पत्रं निवडायच्या कामाला होती, म्हणून सगळे तिला पोस्टवाली म्हणत, हे इस्त्रीवालीनं आधीच सांगितलं होतं. पिकलेले आखूड केस, हाताला पीठ लागलेलं. ती दोघींकडे बघून म्हणाली, फोनवर कोण बोललं?

"हीच," फौजदारीण म्हणाली.

पोस्टवालीनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. मोठं टेबल, एका टोकाला एक म्हातारा शेंगा सोलत बसलेला. त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा शेंगांना लागला. पोस्टवालीनं लेकीला पाणी हवंय का विचारलं. फौजदारीण म्हणाली, ती आत्ता नाही पीत. खुर्ची बरी आहे का विचारलं. फौजदारीण म्हणाली, तिला कुठलीही चालते. काल झोप लागली का विचारलं. फौजदारीण म्हणाली, कुठली झोप.

पोस्टवाली म्हणाली, मी त्यांना विचारतेय.

"मग मी तिचंच सांगतेय. मी काय शेजारीण आहे?"

म्हातारा शेंगा सोलता सोलता हसला आणि लगेच खोकल्यात ते लपवलं.

पोस्टवालीनं हात पुसले आणि खुर्ची ओढून फौजदारिणीसमोर बसली. लेकीसमोर नाही, हिच्यासमोर.

"जी आत असते ना मावशी, तिला दार उघडायची भीती नसते," ती म्हणाली. "बाहेर जी उभी असते, तिला असते. आत काय दिसेल म्हणून. माझी आई उभी राहायची. मला आतून तिची पावलं ऐकू यायची."

फौजदारीण म्हाताऱ्याच्या शेंगांकडे बघू लागली.

"खोली एकच आहे. फोनवर जी बोलली, तिला मी ती दिलीय. ती खरं बोलत होती. तिला राहायचं असेल तर राहू दे."

"मला? मला काय धाड भरलीय?" आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. असलं कसलं घर, दार उघडं टाकून बसलात, इथं माणूस जगवता की नियम जगवता, मुकं माणूस फोनवर काय गाणं म्हणणार आहे. टपालात पत्रं निवडत होतात तेव्हाही असंच करायचात का, पत्ता बरोबर पण अक्षर दुसऱ्याचं म्हणून पत्र परत. पोस्टवालीनं सगळं ऐकून घेतलं. बोलता बोलता फौजदारिणीचा आवाजच बसला. मग ती हळू बोलली, इतकं हळू की म्हाताऱ्यानं शेंगा खाली ठेवल्या. सोमवारी गाडी येणार आहे. पुन्हा बांधतील. ती तिथून जिवंत आली तरी माझी राहणार नाही. मी कोणापुढं हात पसरलेला नाही, बाई. तुमच्यापुढं पसरते.

खरंच तिनं हात पसरला होता, टेबलावर, पालथा नाही, उताणा. ब्लीचनं सोललेला तळवा.

पोस्टवाली नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. तिची नजर लेकीच्या पायांकडे गेली. बुटांत लेस नव्हत्या, आईनं काढून ठेवल्या होत्या, जिभा बाहेर लोंबत होत्या. ती उठली, खणातून लेसची नवी जोडी काढली आणि लेकीसमोर ठेवली.

फौजदारिणीनं झडप घातली. "दोरी देताय तिला?"

"बुटांसाठी आहेत. नाहीतर पाय अडकून पडतील."

"तुम्हाला कळतंय का काय करताय?"

पोस्टवाली म्हणाली, कळतंय. आणि हात लेसवरून काढला नाही. दोन बायका टेबलाशी, एकीचा हात दुसरीच्या हातावर, आणि खाली लेसची जोडी.

"रोज?"

आवाज इतका खरखरीत होता की आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं.

"रोज उभी असतेस?" लेकीनं विचारलं. ती आईकडेच बघत होती.

जिला जन्मात कधी शब्द कमी पडला नाही, तिला हो म्हणता येईना. नुसती मान हलली. लेकीनं ते पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली, काचेत कुठं ओरखडा आहे का बघावं तशी. मग तिनं तोंड पोस्टवालीकडे वळवलं.

"मला राहायचंय." मग आईकडे न बघता, "ती नको."

पोस्टवालीनं विचारलं, आईनं कधी यावं? लेक म्हणाली, मी सांगेन. बास. तेवढ्यानंच ती दमली. तिनं लेस उचलल्या, पण ओवल्या नाहीत. मुठीत धरून बसली.

पोस्टवाली फौजदारिणीला दारापर्यंत सोडायला आली. फौजदारिणीनं तिथं विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी विचारलंच.

"जगेल ना?"

"माहीत नाही."

"सरळ उत्तर द्यायला काय जातं तुमचं?"

"हेच सरळ आहे, मावशी. आम्ही जागे असतो, एवढं सांगते."

गल्लीत आल्यावर तिनं थोरल्याला फोन लावला आणि सांगितलं, गाडी नको. तो ओरडला. कोणाला विचारून, कोणी ठरवलं हे?

"तिनं," फौजदारीण म्हणाली.

त्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, आणि आई, तिथं काही झालं तर? दार उघडं, कोणी डॉक्टर नाही, काही झालं तर? तिनं फोन बंद केला.

मागे वळून बघायचं नाही म्हणून ती चालू लागली आणि बेकरीपर्यंत आली. पुढं पाय उचलेना. परक्याच्या पायरीवर ती आयुष्यात कधी बसली नव्हती. बसली. येणारे जाणारे तिला वळसा घालून आत जात होते. बेकरीवाला बाहेर आला, काही हवंय का, बरं वाटत नाहीय का, म्हणून विचारू लागला.

"बसलेय," ती म्हणाली. "दिसत नाही?"