चालवण्यातली चूक

"काका, मालकांना फोन लावा. त्यांच्याशीच बोलतो," मान वर न करता किशनराव म्हणाले.

"मालक मीच हाय," पप्पा म्हणाले.

किशनराव लातूरच्या त्या सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर. त्यांनी आधी पप्पांचा इस्त्रीचा पांढरा सदरा पाहिला, मग हातातला कागद वाचला. "आनंदराज धुतमल. तुम्हीच का? बरं, बरं. चांगलंय. तुम्ही लोकंपण आता असल्या गाड्या घेऊन राहिलात."

मी खुर्चीतून उठले. पप्पांनी न बघताच हातानं मला खाली बसवलं.

पप्पांनी नांदेडला पाटबंधारे खात्याची जीप एकतीस वर्षं चालवली. रिटायर झाल्यावर त्यांनी ही भली थोरली डिझेल गाडी घेतली, तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. मला ती कधीच आवडली नाही. काळी, उंच, उद्धट. आत चढताना पप्पांना दांडी धरावी लागे. पट्टा लावायला जरा उशीर झाला की ती किंचाळायची. पडद्यावर इंग्रजीत हुकूम यायचे आणि पप्पा रस्त्याच्या कडेला थांबून एकेक अक्षर लावत ते वाचायचे. "जन्मभर साहेबांची बोलणी खाल्ली, आता गाडीची खा," असं मी एकदा बोलून गेले. 

सहा महिन्यांत तिसऱ्यांदा गाडीतला बिघाड दाखवणारा तो पिवळा दिवा लागला, म्हणून आम्ही सकाळीच लातूरला निघालो होतो. चाकूरजवळ गाडीनं जोरच सोडला. पाय तळापर्यंत दाबला तरी काटा चाळिसाच्या पुढं जाईना. टेम्पोवाले मागून शिव्या घालत पुढं निघून जात होते. पप्पा डावीकडं सरकून सरकून चालवत होते, आणि प्रत्येकाला हात दाखवून वाट देत होते.

"काजळी अडवणारा फिल्टर चोंदलाय," किशनराव म्हणाले. "गावातल्या गावात हळूहळू चालवली की असंच होतं. वॉरंटीत नाही बसणार. ह्याच्यावर सही करा, काम चालू करतो."

कागद पप्पांनी माझ्याकडं दिला. मी वाचला : वाहन चालवण्यातील चुकीमुळे बिघाड.

"परत वाच."

मी परत वाचलं. पप्पांनी पेन काउंटरवर ठेवला. "हे मी लिहून देणार न्हाई."

"काका, आमचा कॉम्प्युटर सांगतोय."

"आनंदराजला गाडी चालवता येत न्हाई, असं सांगतोय का त्यो?"

"हे बघा, ही काही सरकारी जीप नाही. असली गाडी चालवायची एक पद्धत असते. प्रत्येकाला जमतंच असं नाही."

सोफ्यावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. पप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण आवाज चढला नाही.

"चढाला दुसऱ्या गिअरवर दाबली की बारीक शिट्टी वाजती. इंजिनात जाणारी टर्बोची हवा कुठंतरी फुटून राहिली. म्हणून काळा धूर, म्हणून फिल्टर चोंदतो. मागच्या दोन्ही खेपेला सांगितलं मी. कुणी लिहूनसुदिक घेतलं न्हाई."

किशनरावांनी आतल्या मेकॅनिकला हाक मारली. "पंचाक्षरी, जा, फिरवून आण एक चक्कर. काकांचं समाधान होऊ दे."

गाडीला जोर यावा म्हणून पंचाक्षरींनी स्कॅनर जोडून दिवा तात्पुरता घालवला आणि गाडी रेणापूरच्या रस्त्याला घेतली. पप्पा त्यांच्या शेजारी, मी मागं.

"एसी बंद करा. काच खाली घ्या," पप्पा म्हणाले. "आता चढ येतोय. दुसरा टाका. दाबा."

इंजिन गुरगुरलं. त्या गुरगुरण्याच्या आत, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा, एक बारीक आवाज होता. पंचाक्षरींनी पाय उचलला. आवाज गेला. परत दाबला. परत आला.

"अण्णा," ते म्हणाले, "हाय की ओ."

परत आल्यावर गाडी वर उचलली, खालचं झाकण काढलं. पप्पांनी बाही सारली आणि हात आत घालून दाखवलं. रबरी पाइप क्लॅम्पच्या खाली बोटभर चिरला होता. आजूबाजूला तेलकट काजळी होती.

"सर, हे पहिल्यापासूनच असणार," पंचाक्षरी म्हणाले.

किशनरावांनी वाकून पाहिलं. पप्पांकडं पाहिलं नाही. "पाइप आणि फिल्टर, दोन्ही वॉरंटीत टाक."

"आणि त्यो कागद?" पप्पांनी विचारलं.

"जाऊ द्या आता, रद्दच झाला तो."

"माझ्यासमोर फाडा."

किशनरावांनी कागद दोनदा फाडला आणि तुकडे टेबलावरच टाकले. "झालं समाधान? पण गाडी जरा पळवत जा, काका. एवढी महागाची घेतली, तिला बैलगाडीसारखी काय चालवता!"

"माफी मागा त्यांची," मी म्हणाले.

"कशाची, मॅडम? काम करून देतोय ना फुकट?"

"लुंबिनी, चल," पप्पा म्हणाले. "भाईर बसू."

गाडी चार वाजता मिळाली. चाकूर मागं पडलं. दिवा नव्हता, शिट्टी नव्हती, गाडी लोण्यासारखी चालली होती. पप्पा जिंकले होते. मला वाटलं, आता तरी ते काही बोलतील. अहमदपूरच्या अलीकडं त्यांनी एका बाभळीखाली गाडी उभी केली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"मी लई हळू चालवतो का गं?"

"नाही, पप्पा."

"खात्यातल्या कोकरे साहेबाला माझ्या गाडीत झोप लागायची. म्हणायचा, आनंदराज, तुझ्या गाडीत खड्डे लागतच न्हाईत."

"मग? त्या माणसाचं कशाला मनावर घेता?"

"न्हाई घेत."

ते खाली उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. "सरक तिकडं. तू चालव."

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. पण ह्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी सीट पुढं ओढली, आरसा हलवला. 

 लोह्यापर्यंत ते हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. पुढं म्हशी आडव्या आल्या, एक ऑटो मध्येच वळला, स्पीडब्रेकर आले. दर वेळी मी ब्रेक दाबायच्या आधीच, त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर हलकेच दाबला जात होता.