कोपऱ्यातली निळाई

...अजून होतीच ती. फिल्मच्या खालच्या कोपऱ्यात, नखाएवढी. वासंतीने चिमट्यातला तुकडा खिडकीकडे धरला, तारा उलट्या जोडून पाहिल्या — बाकी फिल्म काचेसारखी नितळ झाली, कोपरा मात्र निळाच. वीज दिली की निळी, उलटी दिली की नितळ. ऊन चढलं की काळोखी धरणाऱ्या खिडक्या व्हायच्या होत्या या फिल्मच्या. डोंबिवलीच्या या प्रयोगशाळेत तिची सहा वर्षं यातच गेली. किती टिकते ते पाहायला यंत्र रात्रंदिवस फिल्मचा रंग पालटत राहायचं आणि ती ठाकुर्लीच्या घरी पोळ्या लाटतानाही मनात म्हणत राहायची, निळी... नितळ... निळी...

आणि खंडेनवमीला तिनेच ते यंत्र बंद केलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, बटण खाली. वडील फिटर होते. त्या दिवशी पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. "वर्षभर राबतंय, आज बसू दे त्याला." बटण दाबलं तेव्हा फिल्म निळी होती, हे तिने पाहिलंही नाही. ती तशीच पडून राहिली, आणि दसरा उलटल्यावर यंत्र सुरू केलं तर कोपरा परत यायला तयार नाही.

"मॅडम, तुमच्या झेंडूने सहा वर्षं खाल्ली," साकेत हसत म्हणाला होता. हसत! तिच्याच हाताखाली शिकलेला. काचेवर थर सारखा बसेना की रडवेला व्हायचा. आता प्रमुख झालाय, घोडबंदर रोडवरून गाडीने येतो.

"काच-कंपनीवाले आलेत, फिल्म बघायला," आत्ताही तो दारातूनच बोलला. "मी कालचा नवा तुकडा लावलाय. किती चाललाय विचारलं तर वर्षभर म्हणा. बास."

"तूच सांग की."

"अहो, मी पडलो विकणारा. तुमचे पांढरे केस बघून कोण शंका घेतंय? आणि डाग तुमच्याच पूजेचा ना? मग एवढं तरी करा."

तो गेला.

पूजेचा... ज्याच्या घरी ही काच बसेल तो कधी महिनाभर गावाला जाणारच नाही? मेन स्विच पाडणार नाही? परत येऊन पाहील तर भर दुपारी घरात निळा अंधार, आणि तो काही केल्या जाईना. झेंडूने काय खाल्लं? फिल्म टिकत होती ती नुसती पळवत ठेवली म्हणून. एक दिवस बसली आणि आतलं बाहेर आलं. साकेतला हे कळलं नसेल? चांगलं कळलंय. म्हणून तर हसला मेला. आणि मी रोज देवापुढे माफी मागत बसले... मलाही कुणी एक दिवस बसू दिलं असतं तर कळलं असतं, माझ्यातला कोणता कोपरा परत येत नाही ते.

पलीकडे फिल्म निळी झाली असावी. कुणीतरी "वा!" म्हटलं.

"मॅडम, जरा येता?" साकेतचा आवाज साखरेत घोळलेला.

ती उठली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. जीभ ऐन वेळी कुठे वळेल, याचा तिला कधीच भरवसा नव्हता. डागाळलेला तुकडा मात्र तिने खाली ठेवला नाही, मुठीतच घेतला. त्याची कड तळव्याला टोचत होती. दसऱ्यापासून छातीवर बसलेला अपराध तिने चालता चालता चाचपून पाहिला... तिथे काहीच नव्हतं. होता तो नुसता राग — थंड, आणि तिच्या हक्काचा.