मनगटाजवळची फट

केतकीने मुलीचा उजवा हात एक्स-रेच्या टेबलावर पालथा ठेवला, सुजलेलं मधलं बोट हलकेच सरळ केलं आणि मनगटाकडे पाहिलं.

"मावशी, या बांगड्या आणि ताईत काढा. नाहीतर फोटोत तेच येतील, हाड दिसायचं नाही."

मुलीची आई, केसरबाई, एकेक बांगडी सूज चुकवत काढू लागली. ओठ तिनेच आवळले होते, मुलगी गप्प. सकाळी सायली गावातल्या कारखान्यात डबे बंद करायच्या मशीनमध्ये हात सापडला, तेव्हाही म्हणे ती ओरडली नव्हती. ठेकेदार नवनाथने दोघींना सिल्वासाला दवाखान्यात आणलं आणि स्वतः बाहेर बाकावर फोन चाळत बसला.

"चंदा. वय वीस," केतकीने चिठ्ठी वाचली. "दिवस वगैरे गेलेत का गं? सगळ्याच बायकांना विचारतो आम्ही."

"लगीन नई व ताई अजून!" केसरबाई घाईने म्हणाली.

मुलगी खुदकन हसली. "करंट लागतो का, ताई?"

"काही नाही लागत. तीन फोटो काढायचेत, पालथा, तिरपा आणि आडवा. तेवढा वेळ हलू नकोस." केतकीने शिशाचा एप्रन तिच्या मांडीवर टाकला.

"माय व! गोणीसारखं जड!"

केसरबाईला तिने आपल्यासोबत काचेआड घेतलं. पडद्यावर हात उमटला, पांढरी बारीक हाडं, आणि मनगटाशी एक काळी रेघ.

"तुटलं!" केसरबाईने पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा ना, दोन तुकडे!"

"ते मोडलेलं नाही, मावशी. वाढत्या वयात तिथं हाडाऐवजी मऊ कूर्चा असते, ती फोटोत दिसत नाही. वाढ पुरी झाली की फट बुजते." बोलता बोलता केतकी थांबली. चिठ्ठी तिने पुन्हा उचलली. "विसाव्या वर्षी ती बुजलेली असते."

केसरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"खरं वय किती हिचं?"

"कार्डावर हाय ना."

"कार्ड हिचंच आहे?"

काचेपलीकडे मुलगी हात न हलवता बसली होती.

"मोठीचं हाय," केसरबाई हळूच म्हणाली. "इथं कामाला यायचं म्हनून तिचे कागद केले. यायच्या आधीच देवाघरी गेली ती, गावाकडं. ही धाकटी. चौदावं चालूये. नका लिहू, ताई. काम सुटलं तं खोलीबी जाईल, ठेकेदाराचीच हाय ती."

"डॉक्टरांना वय कळायलाच हवं. वाढत्या हाडाला मार बसला असेल तर त्यांना वेगळं बघावं लागतं. बोट वाकडं वाढलं तर जन्माचं होईल." केतकीचा आवाज उतरला. "ठेकेदाराला मी काही सांगणार नाही. पण इथं खरं लिहू. नाव काय?"

"चंदा," केसरबाई म्हणाली.

केतकीने पेन चिठ्ठीवर तसंच धरलं.

सकाळी उठवताना चंदा, डबा देताना चंदा. शेजारी कळू नये म्हणून खोलीतही चंदाच. वर्षभर रोज त्या दारातून चंदा कामाला जात होती आणि दिवेलागणीला परत येत होती.

"सरिता," केसरबाई म्हणाली. केतकीने जुन्या नावावर एक रेघ ओढली आणि शेजारी नवं लिहिलं.

फोटो झाले. बाहेर येताच नवनाथ उठला.

"काय निघालं चंदाचं? मोडलं तर नाही ना?"

मुलीने आईकडे पाहिलं. केसरबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"चंदा वारली, भाऊ."

"काय बोलते मावशी! ही काय, समोर उभी."

"ही सरिता. चंदा मागच्या संक्रांतीला वारली." मयताला आलेल्या माणसाला सांगावं तसं ती सांगू लागली. "कावीळ झाली व. डोळे पार हळदीवानी झाले. पाच दिस पोटात अन्न नाही."

नवनाथने हातातला फोन खाली केला. सरिता सुजलेला हात छातीशी धरून आईजवळ टेकली.

"सहाव्या दिवशी म्हने, माय, ऊस दे. मीच गेले आनायला. माघारी आले तं संपलं होतं." केसरबाईने वर पाहिलं. "लांब नई गेले, भाऊ. बांधापलीकडंच गेले होते."