मंडईची ड्युटी

आमच्या घरी सरकारी नोकरी हाय, पण नोकरीवाला घरी नाही. माहे मालक भंडाऱ्याले साहेबाची गाडी चालवतात. साहेब उठाच्या पहिले हे उठतात अन् साहेब झोपला का मंग घरी येतात. गावच्या बाया म्हणतात, "कौशल्याबाई, तुमाले काय बाप्पा, वरून ओव्हरटाइम भेटते!" भेटते ना! साहेबानं सही केली त भेटते, वरच्यानं बिल पास केलं त भेटते. त्याचे नियम सांगाची आता माह्यात ताकद नाही. थकली मी.

दिवाळी झाली का आमच्या करडी गावची मंडई भरते, जत्राच म्हणा. घरोघरी पाहुणे येतात अन् पाहुण्यातच सोयरिका जुळतात. यंदा आमच्या डिंपलले पाहाले तुमसरकडचे येणार होते. पोरगा तिले फोटोतच आवडला होता. तोंडानं नाही बोलली, पण कधी नाही ते सारं घर एकटीनं झाडून-पुसून काढलं पोरीनं.

पोराचे मामा खुशालभाऊ. त्याईचा निरोप एकच होता, पोरीचा बाप बैठकीत पाहिजे. पहिले एका घरी गेले त बाप दारू पिऊन पडला होता अन् लोकाईनं खोटंच सांगतलं, गावाले गेला म्हून. तवापासून ते पोळले होते.

ह्याईनं सुट्टी मागतली. साहेब म्हणे, "सुट्टी कशाला, सुखराम? तुमच्या मंडईचं उद्घाटन मलाच करायचं आहे. गाडी घेऊन चल, तुझं घरही होईल." साहेब मनानं वाईट नाही. हे त खुश होऊन घरी आले.

मंडईच्या दिवशी गाडी आली, शाळेजवळ स्टेजच्या बाजूले उभी राहिली. आमच्या अंगणातून दिसे. साहेब उतरला अन् म्हणे, "गाडीपाशीच थांब, पाच मिनिटांत निघू."

झालं! इकडे पाहुणे बैठकीत. चहा झाला, पोहे झाले, डिंपल त्याईच्यासमोर येऊन बसली, उठून गेली. पोरगा तिच्याकडे पाहून हासला बी. पण खुशालभाऊचं ध्यान दाराकडे. "येऊन राहिले, येऊन राहिले," म्हणता म्हणता माहा घसा कोरडा पडला.

मी मेलीनं एक ताट वाढलं अन् त्या बहाण्यानं गाडीपाशी गेली.

"अजी, तुमी पोरीचे बाप हा का गाडीचे?"

"साहेबानं पाच मिनिट सांगतले."

"कवा सांगतले?"

"आल्या आल्या सांगतले. मंग पुन्हा एकडाव सांगतले. भाषण संपूनच राहिलं."

"गाडी कोणी उचलून नेते का? समोर त घर हाय!"

"मांगं पाणी प्याले गेलो होतो, तवा मेमो भेटला. विसरली का?"

मले राग बी आला अन् रडू बी आलं. ताट बॉनेटवर ठेवलं अन् वापस फिरली.

दिवस कलला तशे पाहुणे उठले. त्याईची वाट गाडीजवळूनच होती. ह्याईनं हात जोडले. "माफ करा भाऊ, ड्युटीवर हावो."

"आपल्याच गावच्या मंडईत ड्युटी?" खुशालभाऊ म्हणे. "पोरगी द्याची नसन त तसं सांगा लागत होतं, सुखरामजी. एवढ्या दुरून आलो नसतो आमी."

हे काही बोलणार, तेवढ्यात साहेब आला. ह्याईले दरवाजा उघडा लागला. डिंपल अंगणात उभी होती. तिनं सारं पाह्यलं अन् घरात जाऊन चहाचे कप धुवाले बसली. निरोप दुसऱ्याच दिवशी आला. नाही जमत म्हणे.

महिन्यानं त्या दिवसाचं ओव्हरटाइमचं बिल वापस आलं. ह्याईनं कागद डिंपलच्या हातात देल्ला. तिनं वाचलं, "सदर दिवशी वाहनचालक स्वगावी, आपल्या घरी कुटुंबासमवेत उपस्थित असल्याने अतिकालिक भत्ता अनुज्ञेय नाही."

"म्हणजे वो?" मी म्हटलं.

"म्हणजे बाबा त्या दिवशी घरी होते. मंग ओव्हरटाइम कायचा?"

मले असं हसू आलं का थांबतच नव्हतं. मी म्हटलं, "न्या हा कागद अन् दाखवा खुशालभाऊले! सरकारनं सहीशिक्क्यानं लिवून देल्लं, बाप घरीच होता म्हून."

हे हासले नाही. कागदाची घडी केली अन् खिशात ठेवली.

"खरंच दाखवू का?" म्हणे. "मानतीन का ते?"

डिंपल चुलीपाशी गेली, भाताचं ताट वाढून आणलं अन् त्याईच्या समोर ठेवलं.

"राहू द्या, बाबा. पहिले जेवून घ्या. नाही त साहेबाचा फोन येईन."