मावशीचं उघडं तोंड

‘तोंड तेवढं मिटव तिचं,’ दादा म्हणाला, आणि भिंगरीच्या मस्तकात तिडीक गेली.

तोंड मिटव म्हणे! सत्त्याहत्तर वर्षं जे तोंड कुणाच्या बापाला मिटवता आलं नाही, ते भिंगरीनं आता माऊसच्या दोन टिचक्यांत मिटवायचं! मावशीला जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. रविवारी सगळे नातेवाईक एका सभागृहात जमणार होते. तिथे समोर मावशीचा मोठा फोटो ठेवायचा होता आणि तिच्या या एकुलत्या एका चिरंजीवांना तो चारचौघांत शोभेलसा हवा होता. भिंगरी त्याची मावसबहीण. फोटो स्टुडिओत बारा वर्षं ती हेच करत आली होती. लोकांचे मिटलेले डोळे उघडायचे, टकलावर चार केस चढवायचे, अंगात उसना कोट घालायचा. म्हणून तर स्वारी तिच्याकडे आली होती.

स्क्रीनवर मावशी हसत होती. साधंसुधं नाही, पार पडजीभ दिसेपर्यंत. वरच्या एका दाढेची जागा रिकामी, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा, हातात पत्ते. तीन एक्के उशीखाली दडवल्याचं उघडकीला आलं, त्याच क्षणी भिंगरीनं हा फोटो काढला होता. पकडली गेली की मावशीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची, आणि वर ऐकवायची, ‘तुमचं लक्ष नव्हतं, यात माझा काय दोष?’

‘दुसरा नाही मिळाला?’ भिंगरीनं दात-ओठ खात विचारलं.

‘सगळ्यांत हेच. नुसते दात. माझ्या ऑफिसची माणसं येणार आहेत गं. कुणाचे तरी मिटलेले ओठ लाव ना. तुझ्याकडे पडले असतील ढीगभर.’

कुणाचे तरी! म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे लावले तरी चालतील या गृहस्थाला!

तीस वर्षं मावशीनं एका सरकारी कचेरीत लिफ्ट चालवली. त्या खोक्यात दिवसभर उभं राहून दुसरं कुणीही वैतागून गेलं असतं. मावशी मजले पुकारायची. ‘दुसरा मजला, जांभया आणि शिक्के! तिसरा मजला, साहेब जागेवर नाहीत!’ साहेब तिच्या शेजारी उभे असले तरी. एकदा साहेबांनी तक्रार केली. मग पंधरा दिवस ती फक्त तिसरा मजला कुजबुजून सांगायची, आणि लिफ्टमधले सगळे तोंडावर रुमाल धरून उभे असायचे. पंधराव्या दिवशी साहेबांनाच हसू फुटलं. सत्तराव्या वर्षी ही बाई सायकल शिकायला गेली, मनगट मोडून घेतलं, आणि प्लास्टरवर डॉक्टरांकडूनच मिशा काढून घेतल्या. त्या लिफ्टच्या पगारावर हे महाशय शिकले, साहेब झाले, आणि आता यांना आईचे दात खुपत होते.

‘नाही करणार मी,’ भिंगरी म्हणाली.

‘अगं, दहा मिनिटांचं काम.’

‘पाच मिनिटांचं. तरी नाही. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही म्हणून काहीही करायचं का रे? आधी मला तिचा मिटल्या तोंडाचा एक तरी खरा फोटो दाखव. एकच. दाखव, मग मुकाट्यानं करते.’

दादा चिडून मोबाइल चाळू लागला. बराच वेळ अंगठा वरखाली करत राहिला. मग थांबला आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

गेल्या वर्षीचा फोटो होता, त्याच्याच घरातला. दोन वर्षांपूर्वी त्यानं मावशीला आपल्याकडे राहायला नेलं होतं. सोफ्यावर पाहुणे ऐसपैस बसलेले. टोकाच्या खुर्चीत मावशी, दोन्ही हात मांडीवर, ओठ घट्ट आवळलेले. भिंगरीनं तिला असं कधी म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

‘अशी का बसलीये ही?’

‘आमचे डायरेक्टर जेवायला आले होते,’ दादा म्हणाला. ‘तिचं काही सांगता येत नाही ना, म्हणून मी आधीच बजावलं होतं. आज जरा गप्प बस म्हणून.’

‘आणि ती बसली?’

‘बसली. चार तास. डायरेक्टर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, आईंना बरं नाही का?’ त्यानं खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही. ‘दार लावल्यावर तिनं विचारलं, आता हसू का रे? आणि मी म्हटलं, आता झोप.’

भिंगरीला त्याची कीव आली नाही. तशी यायला हवी होती कदाचित, पण अंगाची नुसती लाही लाही होत होती. तिनं मोबाइल त्याच्या पुढ्यात आदळला आणि मशीनमध्ये सगळ्यांत मोठा कागद चढवला. कागदावर आधी केस उतरले, मग कपाळ, मग त्या दोन रेघा, मग ते भलंमोठं उघडं तोंड. दादा बघत उभा राहिला. मिटव म्हणाला नाही.

‘रविवारी पहिल्या रांगेच्या समोर ठेवायचा हा,’ ती म्हणाली. ‘हसू दे तिला पोटभर. बघतेच मी, कोण गप्प बसवतंय ते.’