नववा रकाना

बीपी-शुगरच्या ओपीडीत पेशंटच्या कार्डावर नऊ रकाने होते. आठ भरताना जीभ अडखळत नसे: वजन, झोप, लघवी, पायांची आग. नववा होता, ‘पती-पत्नी संबंधांत अडचण’. थोरल्या सिस्टर सकाळी आल्या आल्या साठ कार्डांवर तिथं ‘नाही’ लिहून मोकळ्या व्हायच्या. पेशंट तेव्हा घरी दात घासत असायचे. नव्या नर्सनाही त्यांनी हेच शिकवलं होतं. “विचारलं तर सांगत बसतील गं. बाहेरची रांग बघितलीस का?” डॉक्टर तो रकाना बघत नसत, वरचे साहेब बघत आणि खूश होत. सगळी अळीमिळी गुपचिळी. साठ आजारी माणसं आणि एकाच्याही संसारात काडीची अडचण नाही, असं कुठं असतं का?

मास्तर दर महिन्याला यायचे. पंचेचाळिशीचा शिंपी, सिस्टरांची बाही उसवलेली दिसली की “द्या, दोन टाके मारतो” म्हणणारा. बीपीची नवी गोळी सुरू होऊन तीन महिने झाले होते. त्या दिवशी दंडावरचा पट्टा सोडला तरी ते उठेनात.

“सिस्टर, या गोळीनं अशक्तपणा येतो का?”

“कसला?”

मास्तरांनी दाराकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. “आता कसं सांगू... घरातला.”

सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला न कळायला काय झालं? कळलंच. पण बाकावर बसलेल्या चौघांनी कान टवकारले होते आणि सिस्टरांचे कान तापले.

“दूध पीत जा. आणि या वयात जरा देवाचं नाव घ्या. पुढचे कोण?”

मास्तर कसंनुसं हसले आणि उठले.

दोन महिने ते फिरकले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आले ते चाकाच्या खुर्चीत. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. कात्री चालवणारा हात बायकोनं उचलून मांडीवर ठेवलेला.

सिस्टर आधी चिडल्याच. “गोळ्या बंद केल्या ना? किती वेळा सांगायचं, वहिनी?”

“जवळच येईनात हो,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “मला वाटलं, बाहेर कुणी आहे. घर डोक्यावर घेतलं मी. तेव्हा म्हणाले, गोळीमुळं होतंय. म्हटलं, जाऊन विचारा. विचारून आले, तर म्हणे दूध प्या. मग मीच म्हटलं, आग लागो त्या गोळीला, महिनाभर सोडून तर बघा.”

सिस्टरांनी कार्ड पालथं ठेवलं.

“एक सांगा,” वहिनींनी विचारलं. “ती गोळी बदलून मिळाली असती का?”

मिळाली असती. डॉक्टरांच्या कानावर घातलं की ते दुसरी लिहून देतात, दोन मिनिटांचं काम. पण डॉक्टरांचं दार उघडं होतं आणि पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

“नाही हो. सगळ्या गोळ्या सारख्याच.” बोलताना सिस्टरांना स्वतःची किळस आली, तरी बोलल्या.

“म्हणजे केलं ते मीच,” वहिनी म्हणाल्या आणि पदरानं नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

मास्तरांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी डाव्या हातानं बायकोचं मनगट धरलं, सिस्टरांकडे बघितलं आणि जोरजोरात ‘नाही, नाही’ अशी मान हलवायला लागले.

“कंटाळले,” वहिनी म्हणाल्या. “चला, जाऊ घरी.” आणि त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली.