यादीबाहेरचा पूर

परीक्षा मंडळाच्या साहेबांनो, यादी तुमची. चारशे भारदस्त शब्द, वर तुमचाच शिक्का. आणि चोर ठरवायला निघालात मस्तूराला.

मलेशियातल्या केलांतानच्या नदीकाठच्या त्या शाळेत एकतीस पोरींनी ती यादी घोकली. निबंधात यादीतले वीस शब्द तरी हवेत, नाहीतर वसतिगृहाच्या शाळेत प्रवेश विसरा, हा हुकूम तुमचा. म्हणून रोहाया बाईंनी वीस शब्द ओवून एक परिच्छेद बांधून दिला. पोरींनी तो पाठ केला. परीक्षेत विषय आला पुराचा. एकतीस उत्तरपत्रिकांत एकच पूर, अक्षरन् अक्षर तोच.

आता चौकशी. बाहेरच्या बाकावर त्या एकतिसांतली मस्तूरा बोलावण्याची वाट बघत होती. नक्कल ठरली की शाळा संपली. मग जन्मभर मावशीकडे मासळीचे पापड वाळवत बसायचं.

शेजारची हयाती कुजबुजली, “घाबरतेस काय? एकतीस जणींना कोंडायला यांच्याकडे जागा तरी आहे का?”

“तू गप बस गं.”

आत मंडळाच्या साहेबांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “पुराबद्दल तुझं स्वतःचं एक वाक्य लिही. नाही जमलं तर नक्कल धरतो.”

तिने पेन टेकवलं. ‘रौद्र’ आला, ‘थैमान’ आला, ‘अवर्णनीय’ आला. त्यांच्या मागे काहीच नव्हतं. आपल्या डोक्यात आपलं असं काही उरलंच नाही की काय? पुरात निदान ओरडता तरी आलं होतं.

“लिही की बाळ,” दाराशी उभ्या रोहाया बाई म्हणाल्या. “त्या दिवशी आई काय म्हणाली होती तुझी?”

मस्तूराने घरच्या बोलीत लिहिलं: ‘आई म्हणाली भात उतरव, पाणी घराच्या शिडीला लागलंय, आन् मी भात उतरवून वळले तर शिडी नव्हती, आई पन नव्हती.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग लाल पेन उचललं.

“ही बोलीभाषा झाली,” ते खाली बघत म्हणाले. “आणि यादीतला एकही शब्द नाही.”

तो कागद तुमच्या कपाटात पडून आहे. प्रवेश बंद व्हायला नऊ दिवस उरलेत. पोरगी जेवत नाही, दारावर कुणी थाप मारली की दचकते. तुमचे शब्द लिहिले तर चोर, स्वतःचे लिहिले तर अडाणी. मग तिने लिहायचं तरी काय? ती पास की नापास? उत्तर द्या, आणि तेही लेखी द्या.